नेल्म्सबाईंच्या कोठीखाली

बसा मास्तर. आमची ही, आयव्ही, चॅपलमध्ये प्रार्थनेला गेलीय, तासभर तरी येत नाही. ती घरात नसतानाच हे बोललेलं बरं.

नेल्म्सबाईंचं घर तुम्ही घेताय असं कानावर आलं. घ्या. घर वाईट नाही. चुलीचा धूर नीट वर जातो, मागे सफरचंदाची दोन झाडं आहेत, शाळाही जवळ. फक्त स्वयंपाकघरामागच्या कोठीतल्या फळ्यांना हात लावू नका. त्या मुळात मी ठोकलेल्या नाहीत. सगळं ब्रीम गाव म्हणेल की या ऑब्री बेडिसनेच ठोकल्या, डोळ्यांनी बघितल्यात. म्हणू देत. आधी ऐका, मग तुमचं तुम्ही ठरवा.

चौदा वर्षं झाली. नोव्हेंबरातला मंगळवार होता. तेव्हा मी आणि हार्वी ग्विलियम, आम्ही दोघं मिळून पार्कएंडच्या बाजूला जंगलात एक छोटी कोळशाची खाण चालवत होतो. आमच्याकडे बऱ्याच जणांची असते तशीच, डोंगराच्या पोटात सरळ शिरणारी, दोन माणसांना पुरेशी. त्या सकाळी पावाची गाडी घेऊन येणाऱ्याने निरोप आणला, नेल्म्सबाईंच्या कोठीत जमीन खचलीय, ऑब्रीला जरा बघून जायला सांगा. मी हार्वीला म्हटलं, तू हो पुढे, मी दुपारपर्यंत येतो.

धुकं दाट होतं. रस्त्यावर मेंढ्या बसलेल्या, त्या पायाला लागेपर्यंत दिसत नव्हत्या. नेल्म्सबाई दारातच उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, एकटी, जिभेने तिखट.

"ये. पाय पूस. भोक कुठे जात नाही."

कोठीच्या कोपऱ्यात फरशीची एक लादी गायब होती. तिथे काळं तोंड उघडं पडलेलं, माणूस जाईल एवढं. त्यातून गार वारा वर येत होता आणि गेरूचा वास. ओल्या लोखंडाचा, जिभेवर चढणारा वास. ब्रीमच्या खाली सगळीकडे जुनं खाणकाम आहे, लोखंडाचं. कुणी खोदलं, कधी खोदलं, कुणाला माहीत नाही. आम्ही नुसतं 'जुन्यांचं काम' म्हणतो.

"माझी कांद्यांची बरणी गेली त्यात," बाई म्हणाल्या. "व्हिनेगरमधले कांदे, ख्रिसमससाठी घातलेले."

"फुटली असेल, बाई."

"तेच तर. फुटल्याचा आवाज आला नाही, ऑब्री. मी इथंच उभी होते. गेली, आणि मग काहीच नाही. ते मला आवडलं नाही."

मी हसलो. त्यांच्या परसातली शिडी आत सोडली. टेकली. दहा-बारा फूट असेल. कोट काढून खुंटीला लावला, टोपीवरचा कार्बाइडचा दिवा पेटवला आणि उतरलो. खाली दगड पक्का आहे का, घराला धोका आहे का, एवढंच बघायचं होतं. पाव तासाचं काम.

खाली कोरडं होतं. बरणी नव्हती, काचेचा तुकडाही नव्हता. एका बाजूला वाकून जाता येईल एवढी वाट आत गेलेली. भिंती तांबड्याभडक, त्यावर टिकावाचे वार अजून ताजे वाटावेत असे. मी वीसेक पावलं गेलो असेन. दगड उत्तम होता. आता बाईंना सांगू, दोन जाड फळ्या टाका आणि झोपा निवांत, असं मनात म्हणत वळलो आणि दिवा गेला.

फुंकर मारल्यासारखा गेला. वारा नव्हता.

मी घाबरलो नाही. तेराव्या वर्षापासून मी जमिनीखाली आहे. काड्याची पेटी वर कोटात होती, पण भिंतीला हात लावून वीस पावलं परत जायला दिवा कशाला? चालू लागलो. पुढे भोकातून येणारा उजेड दिसत होता, दुधासारखा. आणि त्या उजेडात कुणीतरी शिडी चढत होतं.

मला पाय दिसले. खिळेवाले बूट, तांबड्या धुळीने माखलेले. मग पँट. मागच्या बाजूला तपकिरी ठिगळ, त्यावर पिवळी नक्षी. ते ठिगळ आयव्हीने जुन्या पडद्याचं लावलं होतं. तसलं दुसरं अख्ख्या परगण्यात नसेल. मी मागे हात नेऊन चाचपलं. माझं ठिगळ माझ्या पँटला होतं.

"ए!" मी ओरडलो. "कोण आहे रे?"

पाय थांबले नाहीत. वर गेले. मग शिडी हळूहळू वर ओढली गेली, तिचं शेवटचं टोक मी हात वर करीपर्यंत निसटलं. आणि वरून आवाज आला.

"काही नाही, बाई. दगड पक्का आहे. दोन जाड फळ्या टाका आणि झोपा निवांत."

मास्तर, माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकू येत नाही. पण मला तो लगेच ओळखू आला. घसा साफ करायची सवयसुद्धा माझी.

"मग तूच टाकून जा ना," नेल्म्सबाई म्हणाल्या. "आलाच आहेस तर."

मी उड्या मारल्या. ओरडलो, शिव्या दिल्या, बाईंचं नाव घेतलं. खाली पडलेला दगड उचलून भिंतीवर आपटत राहिलो. वर फळी सरकली. उजेड अर्धा झाला. मग बोटभर. मग खिळे. एकेक खिळा मोजून चार ठोक्यांत, मी ठोकतो तसाच.

"अरे, खाली कसला आवाज येतोय?" बाईंचा आवाज आता फळीतून, दबका.

"जुनं काम आहे, बाई. माती बसते. दोन-तीन दिवस येईल आवाज. लक्ष देऊ नका."

मग किटली. कपबशी. कुणीतरी काहीतरी गमतीचं बोललं आणि नेल्म्सबाई हसल्या. मी त्या बाईला हसताना कधी ऐकलं नव्हतं. आणि निघताना तो म्हणाला, "चला. आयव्ही वाट बघत असेल."

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं. आम्हाला एक मुलगी होती, हेझल. चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली, त्या मंगळवारच्या तीन वर्षं आधी, फेब्रुवारीत. सहा रात्री आम्ही तिच्या उशाशी बसलो होतो. ती गेली आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आयव्ही तिचं नाव काढायची आणि मी उठून बाहेर जायचो. कोळसा आणायला, मेंढ्या बघायला, कशालाही. पुढे पुढे तिनेही बोलणं सोडलं. एका टेबलावर समोरासमोर बसून आम्ही जेवायचो आणि घरात नुसता चमच्यांचा आवाज असायचा. अशा घराकडे तो निघाला होता, माझे बूट वाजवत.

मी किती वेळ ओरडलो, आठवत नाही. बाईंच्या चालण्यावरून वेळ कळायची. त्या जेवल्या, भांडी धुतली. रात्री झोपण्याआधी प्रार्थना पुटपुटल्या. मी फळ्यांखाली उभा राहून हाका मारत होतो, घसा फाटलेला, नुसती घरघर. तेव्हा त्या कोठीत आल्या. अगदी माझ्या डोक्यावर येऊन उभ्या राहिल्या. झाडूच्या दांड्याने तीनदा फळी ठोकली.

"गप बसा रे आता," त्या म्हणाल्या, रागाने नव्हे, शेजारच्या मुलांना सांगावं तसं. "मेलेल्या माणसांनी इतकं ओरडू नये."

आणि गेल्या.

त्यानंतर मी खाली बसलो. मला वाटलं, बाई म्हणते ते खरं तर नसेल ना? मी छातीवर हात ठेवून बघितलं. धडधड होत होती. पण ती माझीच कशावरून... असंही मनात आलं. अंधार माणसाला काय काय विचारायला लावतो, ते उजेडात सांगून पटत नाही. भिंतीतून ओल झिरपत होती, ती चाटून राहिलो. झोप लागली की जागा होतो, तेही कळत नव्हतं. डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच.

सकाळी बाई पुन्हा हिंडू लागल्या, तेव्हा मी ठरवलं, इथे हाका मारत बसलो तर संपलो. वाऱ्याला कुठूनतरी वाट असणार. मी गुडघ्यांवर बसलो आणि आत निघालो.

तो दिवस आणि ती रात्र मी रांगत होतो. कुठे उभं राहता यायचं, कुठे पोटावर सरकावं लागायचं. एकदा पाठीवर दगड इतका बसला की श्वास घेतला तर अडकेन आणि सोडला तर पुन्हा घेता येणार नाही, असं झालं. तिथे मी किती वेळ होतो, देव जाणे. हातापायांची कातडी गेली. तोंडात सगळा गेरू.

मग वाट फुटली. दोन्ही हातांनी चाचपलं. डावीकडे एक, उजवीकडे एक. डावीकडून गार वारा येत होता, कुजलेल्या पानांचा वास असलेला. जंगल. मी हसलो असेन बहुतेक, किंवा रडलो. आणि त्याच वेळी उजवीकडून ऊब आली. आपण निजलेल्या मुलाच्या पांघरुणात हात घालतो ना, तशी ऊब. आणि खोकला.

घोगरा, भुंकल्यासारखा. एकदा... मग थांबून दोनदा. सहा रात्री मी तो खोकला मोजला होता.

"डॅड..."

मी हललो नाही.

"डॅड, दिवा आण ना."

फार लांबून नाही, मास्तर. इथून त्या दाराइतकं. तक्रार नव्हती त्यात. रात्री पाणी मागावं तसं.

मी डावीकडे गेलो.

ती हेझल नव्हती. ज्याने माझे पाय घेतले, माझा आवाज घेतला, त्याचंच तेही काम, मला आत ठेवून घ्यायचं. असं मी स्वतःला सांगतो. चौदा वर्षं सांगतोय. पण मी जाताना तिला एक शब्दही बोललो नाही. 'आलो' म्हणालो नाही, 'थांब' म्हणालो नाही. नेहमीसारखा उठलो आणि बाहेर गेलो. मागे आणखी एकदा खोकला आला, मग नाही.

मी बाहेर पडलो ते जंगलातल्या एका जुन्या घळीत, यू झाडाच्या मुळांमधून. एक मेंढी समोर उभी होती. ती माझ्याकडे बघून ओरडलीदेखील नाही, नुसती मागे मागे सरकत गेली. गुरुवार होता, दुपारचे साडेतीन-चार. अंगावर चिंध्या आणि नखशिखांत तांबडा.

रस्त्यावर हार्वी भेटला, खाणीतून घरी निघालेला. मला बघून तो जागीच थांबला.

"अरे गड्या! आत्ता तर तुला तुझ्या दारात सोडलं. पाव तास नाही झाला. इतक्यात हा कसला रंग फासून आलास?"

"हार्वी... मी खाणीत आलो होतो?"

"दोन दिवस माझ्या शेजारी बसून कोळसा तोडतोयस आणि मला विचारतोस? चढवलीस काय?" मग त्याने माझे हात बघितले, आणि त्याचा आवाज उतरला. "ऑब्री, काय झालं रे?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. पाय ओढत पळत सुटलो.

घराचं मागचं दार उघडं होतं. आयव्ही पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती आणि गुणगुणत होती. तीन वर्षांत तिच्या तोंडून सूर ऐकला नव्हता मी. टेबलावर चहाचे दोन कप, दोन्हींतून अजून वाफ निघत होती.

"कोळसा आणायला एवढा वेळ?" मागे न बघताच ती म्हणाली. हसत.

मग वळली.

मी त्याला शोधायला अंगणात धावलो. कोळशाच्या खोपटापाशी बादली भरून ठेवलेली होती. आसपास कुणी नव्हतं. चिखल होता, पण त्यात खोपटाकडे गेलेली पावलं तेवढी होती. परत आलेली नव्हती, कुंपणाकडे गेलेलीही नव्हती.

आत येऊन म्हटलं, "आयव्ही, मी आहे. हा मी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ. किंचाळायला हवी होती, निदान भ्यायला तरी हवी होती. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. यायचं ते माणूस आलं नाही की दारात उभ्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे येतं, ते.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."

तिने पाणी तापवलं, मला धुतलं, हातांना पट्ट्या बांधल्या. मी सगळं सांगितलं. पाय, ठिगळ, फळ्या, नेल्म्सबाई, सगळं. वाट फुटली तिथे मी नुसतं म्हटलं, डावीकडून वारा आला म्हणून डावीकडे गेलो. ती पट्टीची गाठ मारत होती. तिचा हात जरासा थांबला, मग गाठ पूर्ण केली.

"दोन रात्री तो माझ्याशी बोलत बसला होता," ती म्हणाली. "तिच्याबद्दल. तिचं नाव घेऊन. मी रडले तर उठून गेला नाही."

"काय सांगितलं त्याने?"

"तू नव्हतास ना तो? मग तुला कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी हार्वीला घेऊन नेल्म्सबाईंकडे गेलो. बाई माझ्यावरच उखडल्या, "ठोकायचं तूच आणि उपसायचंही तूच!" आम्ही फळ्या काढल्या. खाली भोक नव्हतं. तोंडापर्यंत दगड रचलेले, एकात एक बसवलेले, सुरीचं पातं जाणार नाही असे. एक दिवसाचं काम नव्हतं ते, दहा माणसांचंही नव्हतं. आम्ही त्याच फळ्या त्याच खिळ्यांनी परत बसवल्या. परत येताना हार्वी वाटेत थांबला. मग म्हणाला, "एक सांगू? त्या दोन दिवसांत तू दिवा लावलाच नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, लागत नाही मला." त्या वर्षाअखेरीला त्याने खाण सोडली. आता सिंडरफर्डला बस चालवतो. भेटला की हात हलवतो, बस थांबवत नाही.

तर ही फळ्यांची गोष्ट. तेवढीच असती तर मी आयव्हीच्या समोरही सांगितली असती.

त्याच डिसेंबरात आयव्ही विणायला बसली. निळा स्वेटर, लहान मुलीचा. मला वाटलं कुणा शेजारणीच्या पोरीसाठी असेल. मी विचारलं तर म्हणाली, "गारठा असतो ना." वसंतात बघतो तर तो घरात नव्हता. कुणाच्या अंगावरही दिसला नाही. पुढच्या हिवाळ्यात दुसरा, एक माप मोठा. मग तिसरा. दरवर्षी बोटभर लांब बाही. मी काही विचारलं नाही, तुम्ही मला भित्रा म्हणा. एकदा मार्चमध्ये तिच्या मागोमाग जायचं ठरवलं होतं. जंगलात, मी बाहेर पडलो होतो त्या घळीपर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. ती आत मुळांपाशी बसली होती, मांडीवर पुडकं घेऊन, आणि कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मध्ये मध्ये थांबत होती, आपण समोरच्याचं ऐकताना थांबतो तशी.

गेली तीन-चार वर्षं माप वाढत नाही. हेझल असती तर यंदा एकवीस वर्षांची झाली असती.

परवा संध्याकाळी मी चुलीपाशी पाइप ओढत होतो आणि आयव्ही दिव्याखाली बसली होती. मांडीवर निळा स्वेटर. मला वाटलं, यंदाचा असेल. मग बघितलं तर गेल्या वर्षीचा होता, मीच कोलफर्डहून लोकर आणून दिली होती त्याची, म्हणून ओळखला. आमच्या घरात तो कधी कुणी अंगात घातलेला नाही. त्याची दोन्ही कोपरं पार विरून गेली होती, धाग्यांत तांबडी धूळ बसली होती, आणि आयव्ही शांतपणे त्यांना रफू करत होती.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने दातांनी धागा तोडला.

"फार झिजवते ही पोर," ती म्हणाली.